पुस्तक द्यावं, पण कोणाला आणि कसं?

(परळमध्ये झालेल्या महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आपल्याला आवडलेलं पुस्तक घरच्यांना आणि मैत्रिणींना कसं द्यायचं, असा आज बोलायचा विषय आहे. रेशन, पोटगी, चाळींचा पुनर्विकास या विषयांच्या मानाने हा विषय हलका आहे असं आपल्यातल्याच काही जणींचं म्हणणं पडलं. मला तसं वाटत नाही.

आपण कार्यकर्त्या बायकांच्या हातात काय देतो? पुस्तिका. विवाहितेच्या छळाविरुद्धच्या कायद्याची, वारसा हक्काची, आरोग्याची. त्या हव्यातच. पण पुस्तिका वाचताना कोणी खुदकन हसलेलं किंवा पदर डोळ्याला लावलेलं मी पाहिलेलं नाही. नुसत्या आनंदासाठी वाचणं ही आपल्याकडे पुरुषांची आणि शाळकरी मुलांची चैन समजली जाते. नवरा सकाळी चहाबरोबर पेपर घेऊन बसला तर तो ‘पेपर वाचतोय’. बाई दुपारी कादंबरी घेऊन बसली तर ‘बसली वाचत’. एखादीला जाड पुस्तक वाच म्हणून सांगणं म्हणजे घरच्यांच्या हिशेबातले तिचे आठदहा तास मागणं. ते तास तिला कोण देणार, आणि दिले नाहीत तर बोलणी कोण खाणार, याचा विचार पुस्तक देणारीने करायला हवा.

हे नवं नाही. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. नवरा न्यायाधीश, सुधारक, स्वतः शिकवायला बसणारा. तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी रमाबाईंना शिकण्यावरून किती छळलं ते त्यांनी फार संयमाने लिहिलं आहे. माझ्या मते जरा जास्तच संयमाने.

फलटणच्या बेबीताई कांबळ्यांची गोष्ट तर आपण प्रत्येक मंडळात सांगावी अशी आहे. त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या आणि कित्येक वर्षं ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवलं. नवरा संशयी होता, मारहाण करी, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. महार समाजाच्या जगण्याचं, उपासमारीचं, सासुरवासाचं आणि बाबासाहेबांच्या हाकेनंतर उठलेल्या बायकांचं असं चित्र दुसरीकडे सहसा मिळायचं नाही. आपल्या माणसांच्या चुकाही त्या सोडत नाहीत. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती पुड्यांच्या कागदाची आणि लपवलेल्या वह्यांची गोष्ट.

म्हणून पुस्तक देताना मी आधी एक प्रश्न विचारते: हे ठेवशील कुठे? लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसं. नवऱ्याची बॅग, मुलांची दप्तरं, देवाचा फळा, सगळ्यांना जागा असते. बाईची म्हणून जागा मसाल्याच्या डब्यामागे. बऱ्याच जणी म्हणतात, मंडळाच्या कपाटातच राहू दे, मी इथे येऊन वाचेन. मग तसंच करावं. ज्या घरात हात उगारला जातो तिथे ‘पुस्तकं वाचून हिचं डोकं फिरलं’ हे वाक्य नवऱ्याला आयतं मिळतं. तिथे पुस्तक पाठवण्याची घाई आपण करू नये. ती सांगेल तेव्हा आणि तिच्या सोयीने.

आता पुस्तकांविषयी. पहिलं कोणतं द्यावं, असं मला विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं आहे: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. लिहिणारी बाई शाळेत गेलेली नाही. वडिलांचं सोवळं इतकं, की बाजारातून आलेली जिन्नससुद्धा धुवून घ्यायची. नवरा कवी, हाती पैसा टिकायचा नाही, आणि कधी घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला आणि बाईवर आभाळ कोसळलं. काही वर्षं वेगळी राहिली, मग मुलाला घेऊन त्याच्याकडे गेली. पण त्याने धर्म बदलला म्हणून हिने लगेच बदलला नाही. स्वतः विचार केला, कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं का चालत नाही हे स्वतःशी घासून पाहिलं, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी गेली. एवढं सगळं सोसलेल्या बाईने सांगितलेल्या गोष्टी ऐकून बायका पोट धरून हसतात! स्वतःवर हसते, नवऱ्यावर हसते, आणि हसता हसता एकदम गळा दाटून येतो.

हे पुस्तक मोठ्याने वाचायचं. चाळीच्या गॅलरीत निवडणं-टिपणं चाललेलं असतं तेव्हा एकीने दोन पानं वाचावीत. ज्यांना अक्षर लागत नाही त्यांनाही मिळतं, आणि ‘बसली वाचत’ म्हणायची सोय राहत नाही, कारण बाकीच्यांचे हात चालूच असतात. जाड वाटलं तर संक्षिप्त आवृत्ती आहे, पण माझा आग्रह मोठीचाच.

दुसरं ‘आयदान’. ऊर्मिलाताई पवारांचं हे आत्मकथन २००३ साली आलं. कोकणातून आलेल्या आपल्या गिरणगावकरणींना पहिल्या काही पानांतच ते आपलंसं होतं: चढउताराच्या वाटा, सुकी मासळी, खाण्याची हाव आणि खायला नसणं. आई बांबूच्या टोपल्या विणते आणि विणता विणता रडते. जात कशी टोचते ते आहेच. पण शिकल्यासवरल्या, आपण निवडलेल्या नवऱ्यालाही बायकोचं एम. ए. आणि संध्याकाळच्या बैठका कशा खुपतात, हे त्यांनी इतकं उघड लिहिलंय की ते वाचून आपल्यातल्या कार्यकर्त्या नवऱ्यांच्या बायका गालात हसतात. चळवळीतल्या पुरुषमित्रांना हे पुस्तक जरूर द्यावं. फक्त ते परत मागून घ्यावं लागतं.

सासूबाईंना काय द्यावं? सिनेमावेड्या असतील तर हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’. १९७० सालचं, बोलल्यासारखं, कुठेही सावरून न घेता सांगितलेलं. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला. लेकीबाळींसमोर वाचायला काही सासवा संकोचतात, पण एकट्या असल्या की संपवूनच खाली ठेवतात. १९८२ च्या संपाच्या आठवणीने गप्प होणाऱ्या सासऱ्यांना नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ द्यावं. त्यात गिरणगावची माणसं आपल्याच तोंडाने बोलतात, आणि आपल्या ओळखीची नावं सापडली की हे गप्प बसलेले पुरुष बोलू लागतात. मुलांना जयंत पवारांचं ‘अधांतर’. संपानंतर याच वस्तीतल्या एका घराचं काय झालं ते त्या नाटकात आहे, आणि त्यातली आई विसरता येत नाही.

संक्रांतीचं वाण म्हणून आपण प्लॅस्टिकचे डबे लुटतो. सगळ्या बायकांना, नवरा असो नसो, बोलवावं आणि पातळ पुस्तकं लुटावीत. काही मंडळांनी हे केलं आहे. खर्च डब्याइतकाच येतो. पैशांअभावी पुस्तक घेता येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर एक फेरी मारावी. चैत्यभूमीला गावोगावाहून आलेल्या बाया भाकरी बांधून आणतात आणि गाठीचे पैसे सोडून पुस्तकं घेतात. पिशवीत बाबासाहेबांचा फोटो आणि दोन पुस्तकं, मग परतीची गाडी. त्यातल्या कितीतरी जणी स्वतः वाचू शकत नाहीत. नातीकडून वाचून घेणार असतात. पुस्तक सुचवण्याची आपल्या शहरातली सगळ्यात मोठी जागा तीच आहे, आणि तिथे कोणी समीक्षक नसतो.

आणखी एक काम. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, दादर सार्वजनिक वाचनालय १९०७ पासून. आपल्यापैकी किती जणींच्या स्वतःच्या नावावर वाचनालयाचं कार्ड आहे? हात वर करा. ...दहाबाराच. बाकीच्यांच्या घरी कार्ड आहे, पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर, आणि पुस्तक तोच निवडून आणतो. रेशनकार्डावर आणि खोलीच्या कागदावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडतो. त्या मानाने हे नाव लागायला फार सोपं आहे. शनिवारी चारपाच जणी मिळून जाऊ, अर्ज तिथेच भरू.

आज पिशवीत ‘स्मृतिचित्रे’च्या दोन प्रती आहेत, ‘जिणं आमुचं’ची एक आणि ‘आयदान’ची एक. ‘आयदान’ची पाठ सुटली आहे, जपून न्या. वहीत नाव लिहा. ज्यांना घरी न्यायचं नाही त्यांच्यासाठी कपाटाची किल्ली शेजारच्या खोलीत ठेवली आहे, दुपारी दोन ते पाच.