पोटगी : हक्क कोणाचा?

(कोल्हापूर येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास आळा घालणारा कायदा छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१९ सालीच केला. घरातला अन्याय ही केवळ घरगुती बाब नव्हे, ही जाणीव आपल्याला नवी नाही. तरीही पतिपत्नी विभक्त झाल्यावर मुलांच्या खर्चाचा प्रश्न पुष्कळदा चावडीवर मिटविला जातो. एकरकमी काही हजार रुपये, मुद्रांकावर दोन पंचांच्या सह्या आणि ‘यापुढे काही मागणार नाही’ हे एक वाक्य. पंचांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण पोटगी मुलाची असते. आईच्या सहीने मुलाचा हक्क बुडत नाही. चार वर्षांच्या मुलाला सज्ञान होईपर्यंत चौदा वर्षे वाढवायचे आहे, हा हिशेब त्या बैठकीत कोणी मांडत नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पाचशे रुपयांची जुनी मासिक मर्यादा २००१ सालीच उठली. अंतरिम पोटगीचा अर्ज, शक्यतो, नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो.

खरी अडचण उत्पन्न सिद्ध करण्याची. नोकरदाराची पगारपत्रिका मिळते. शेतकरी बाप मात्र ‘शेतीत काही उरत नाही’ एवढेच सांगतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिले की, दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. आपल्या जिल्ह्यात हे शपथपत्र पडताळण्याची साधने गावातच आहेत : सात-बारा, कारखान्याचे ऊसबिल, दूधसंस्थेचे बिल. शिक्षकांनी फी, वह्या, सहल यांच्या पावत्या मागणाऱ्या पालकास बिनतक्रार द्याव्यात. न्यायालयात त्यांचे मोल मोठे असते.

बापाची बाजूही ऐकली पाहिजे. पीक बुडाले, नोकरी गेली, तर रक्कम कमी करून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे. मनाने हप्ता थांबविणे हा मार्ग नव्हे. आईस मिळकत असेल तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो. ‘मूल भेटू देत नाही, म्हणून पैसे देत नाही’ आणि ‘पैसे देत नाही, म्हणून भेटू देत नाही’ ही दोन्ही वाक्ये आपण ऐकतो. भेटीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. मुलाचे जेवण त्यासाठी तारण ठेवता येत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी घरी बसू नये. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधिसाहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू असल्याने मुंबईची खेप वाचते.

एक तारीख मात्र सांभाळावी. थकलेल्या हप्त्याच्या वसुलीचे वॉरंट हवे असल्यास तो देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल, थोडी वाट पाहा’ असा सल्ला देताना पंचांनी हे वर्ष कधी संपते ते त्या बाईस सांगावे.