जोखीम आणि तारण



पनवेलजवळ करंजाडे नांवाची वसाहत आहे. तिच्या शेजारीं, दहा गांवें उठवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानें उडूं लागलीं. माथ्यावरून जाणारें विमान पाहून कोणास वेग आठवतो, कोणास वैभव. माझ्यासारख्या हिशेबी माणसास त्याच्या टाकींतील तेल आठवतें. तिकीट महिना दोन महिने आधीं ठरल्या दरानें विकलेलें असतें. तेल मात्र उड्डाणाच्या वेळच्या भावानें घ्यावयाचें. मधल्या काळांत भाव चढला तर तो कोणाच्या पदरीं?

उपाय जुना आहे. मुंबईच्या कापूसबाजारास तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता: पुढचा भाव आजच बांधून घ्यावयाचा, म्हणजे वायदा करावयाचा. १९९३ सालीं फ्रूट, शार्फस्टाइन व स्टाइन या अर्थशास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादिलें कीं, ज्या कंपनीस बाहेरचा पैसा महाग पडतो, तिला अशा तरतुदीचा लाभ अधिक. तर्क बिनतोड वाटतो. ज्याचें छप्पर गळकें, त्यानें पावसाळ्यापूर्वीं शाकारणी करावी, हें कोंकणांत कोणास सांगावयास नको.

प्रत्यक्षांत मात्र उलटें दिसलें. ड्यूक विद्यापीठांतील वित्तशास्त्राचे प्राध्यापक रॅम्पिनी यांनीं विश्वनाथन् व सूफी यांच्यासह अमेरिकेंतील विमानकंपन्यांचे हिशेब तपासले आणि २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: स्थिति खालावली कीं कंपनी तेलाच्या भावाची तरतूद कमी करते, डबघाईस येतांना तर ती फारच घटविते. हा निष्काळजीपणा म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. वायदा करणारास, भाव उलटला तर पैसे भरीन, अशी हमी द्यावी लागते, आणि हमीस तारण लागतें. २००८ च्या जुलै महिन्यांत खनिज तेल पिंपास १४७ डॉलरपर्यंत चढलें व डिसेंबरांत चाळिसांखालीं उतरलें. चढ्या भावानें वायदे केलेल्यांस तेव्हां उलट रकमा भराव्या लागल्या. जें तारण वायद्यापाशीं अडकवावयाचें, त्याच तारणावर विमानाचें कर्ज मिळावयाचें असतें. दुबळी कंपनी आजचें उड्डाण राखते व उद्याचा भाव दैवावर सोडते.

हेंच गणित भातशेतकऱ्याच्या घरीं मांडून पाहा. पंतप्रधान पीकविमा योजनेंत खरिपाच्या धान्यास विमारकमेच्या शेंकडा २ हून अधिक हप्ता त्याच्याकडून घेत नाहींत. शहरांतला माणूस म्हणतो, एवढेंही त्याला जमत नाहीं? पण हप्ता मागितला जातो तो ऐन लावणीच्या सुमारास, खत आणि मजुरी दारांत उभी असतांना! महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं हप्ता १ रुपयावर आणला, तेव्हां अर्जांची रीघ लागली. त्यांत बोगस अर्जही पुष्कळ निघाले, आणि २०२५ सालीं ती सवलत बंद झाली. चौकशी व्हावयास हवीच होती. खऱ्या अर्जदाराची अडचण मात्र त्या गलबल्यांत कोणाच्या लक्षांत राहिली नाहीं.

म्हणून संचालकांस ‘भाव बांधला होता काय?’ एवढेंच विचारून भागत नाहीं. बऱ्या दिवसांत किती तारण मोकळें राखलें होतें, हें विचारावें. १७ एप्रिल २०१९ रोजीं जेट एअरवेजचीं उड्डाणें थांबलीं, तेव्हां हजारों कामगारांचे पगार अडकले. कारणें अनेक होतीं. नव्या विमानतळावर सामान चढविणारास आपल्या कंपनीचा हा हिशेब कोणी दाखवीत नाहीं. तो वार्षिक अहवालांत असतो. बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक टाइपांत.