समुद्र ओलांडला, बेट उरले

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. या पराक्रमाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु ही वाट ज्याने सर्वप्रथम एकट्याने पार केली, त्या जोशुआ स्लोकमच्या प्रवासातील दोन लहान बेटांविषयी आज मला बोलायचे आहे. सागरप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वादळे उभी राहतात. किनाऱ्याला लागल्यावर दर्यावर्दी कसा वागतो, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

स्लोकम २४ एप्रिल १८९५ रोजी अमेरिकेतील बोस्टनहून निघाला. त्याची 'स्प्रे' ही नौका जेमतेम अकरा मीटर लांबीची, त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधलेली. जून १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील थर्सडे बेटावरून त्याने हिंदी महासागरात प्रवेश केला. पुढचा मुक्काम होता कीलिंग, अर्थात कोकोस बेटे. मधले अंतर २,७०० मैल. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे स्थिर होते. सुकाणू बांधून ठेवले की नौका आपली दिशा आपणच धरी. तेवीस दिवसांत सुकाणूला प्रत्यक्ष हात लावण्याची वेळ त्याच्यावर सारी मिळून तीन तासांहून अधिक आली नाही.

कीलिंग हे कंकणद्वीप आहे. प्रवाळांचे कडे, त्यावर नारळीची झाडे आणि मध्ये उथळ, शांत पाणी. डोंगर नाही, टेकडी नाही. जमीन समुद्रापासून काही मीटरच वर असल्याने दुरून काहीच दिसत नाही. अंदाज थोडा चुकला तरी बेट बाजूला राहून जायचे आणि पुढे आफ्रिकेपर्यंत समुद्रच. १७ जुलैला सकाळी एक पांढरा समुद्रपक्षी नौकेभोवती घिरट्या घालू लागला. स्लोकम डोलकाठीवर चढला. समोर, जणू पाण्यातूनच उगवलेली, नारळीची झाडे दिसली. अनेक वादळे पचविलेला हा कप्तान खाली उतरून तक्तपोशीवर बसला आणि त्याला भावना आवरेनात.

येथे चार्ल्स डार्विन १८३६ च्या एप्रिलमध्ये येऊन गेला होता. ज्वालामुखी हळूहळू खचतो, प्रवाळ वर वर वाढत जातात आणि शेवटी केवळ कडे उरते, हा त्याचा सिद्धान्त. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे बाराशे मीटरहून खोल छिद्र पाडल्यावर प्रवाळाखाली ज्वालामुखीचा खडक सापडला आणि त्याला पुष्टी मिळाली.

स्लोकम येथे महिन्याहून अधिक राहिला. बेटावरची मुले त्याच्याभोवती गोळा होत. तो बिस्किटाला काळा मुरंबा लावून खाऊ लागताच, कप्तान डांबर खातो आहे, अशी आवई त्यांनी उठविली. दिवस असे आनंदात चालले होते आणि संकट आले ते नेमके याच शांत पाण्यात. महाकाय शिंपले गोळा करण्यासाठी तो एका सोबत्याला बरोबर घेऊन स्थानिक होडीतून निघाला. होडी त्याची नव्हती. तीत वल्हे नव्हते, पिण्याच्या पाण्याचा थेंब नव्हता. नांगर होता, पण त्याला पुरेशी दोरी नव्हती. अचानक वाऱ्याचा झोत आला, शिडाच्या चिंध्या झाल्या आणि होडी उघड्या समुद्राकडे वाहू लागली. वाऱ्याच्या दिशेने पुढचा किनारा आफ्रिकेचा, तीन हजार मैलांवर! सुदैवाने होडीत एक काठी होती. तिचेच वल्हे केले, वाऱ्यानेही क्षणभर साथ दिली आणि दोघे उथळ पाण्यात आले.

बंधूंनो, महासागरात ज्याची प्रत्येक दोरी तपासलेली असे, तो माणूस सहलीच्या वेळी दोरी तपासायला विसरला. समुद्राचे भय आपल्याला जागे ठेवते. बेटाचे सौंदर्य मात्र आपली शिस्त सैल करते.

दुसरे बेट रॉड्रिग्ज. ८ सप्टेंबरला 'स्प्रे' तेथे पोहोचली. योगायोग असा की बेटावरील धर्मगुरूंनी लोकांना ख्रिस्तविरोधी अवताराच्या आगमनाविषयी सांगून ठेवले होते. जोरदार वाऱ्यासरशी फेस उडवीत एक नौका बंदरात शिरते आणि तीत एकच माणूस! लोक घाबरून पळाले. एका वृद्धेने घराची दारे अडसर लावून बंद केली आणि तो बेटावर होता ते आठही दिवस ती बाहेर आली नाही. स्लोकमने कोणाचा उपहास केला नाही. तो लोकांत मिसळला, राज्यपालांच्या पंगतीला जेवला. आपण ज्या बेटाचा 'शोध' घेण्यास जातो, त्या बेटावरची माणसेही आपली पारख करीत असतात.

अशी प्रवाळबेटे आपल्याही देशात आहेत. लक्षद्वीपची ३६ बेटे मिळून भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर. खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, एवढाच तेथील विहिरींचा आधार. उपसा अधिक झाला की विहीर खारट होते. तेथे जाण्यास परवाना लागतो, याची अनेकांना अडचण वाटते. पण यजमानाच्या घरी पाणी किती आहे, हे ठाऊक असल्यावर पाहुण्याने दाराबाहेर थांबून विचारणे हीच आपली रीत नव्हे काय? स्लोकमने शिंपले नौकेत भरून नेले. आज त्याच जातीच्या शिंपल्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. काळ बदलला, तशी प्रवाशाची जबाबदारीही वाढली.

आपल्या मुलांना समुद्राकडे अवश्य पाठवा. शिडे हाताळायला शिकवा, तारे ओळखायला शिकवा. त्याबरोबरच शांत पाण्यातही नांगराची दोरी तपासायला आणि परक्या उंबरठ्यावर अदबीने उभे राहायला शिकवा.