टाळी वाजवण्याआधी

आज भाषणांबद्दल बोलू या. भाषण करण्याबद्दल नाही, ऐकण्याबद्दल. करणारे पुष्कळ असतात, ऐकायला मात्र बहुतेक वेळा आपण असतो. सभा असली की गावात गाडी येते, गटातल्या बायका मिळून जातात, देशाचं नाव आलं की टाळ्या पडतात. तेव्हा ऊर भरून येतो, तो खराच. पण ऐकायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. ते शिकावं अशा एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेल्या : पंडिता रमाबाई. परक्या देशात राहून, तिथल्या लोकांचं देशप्रेम जवळून पाहून त्यांनी त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं.

त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासाचा धागा आपल्या कल्याणपर्यंत येतो. १८६५ साली कल्याणात जन्मलेल्या यमुना जोशी, म्हणजे पुढच्या डॉक्टर आनंदीबाई जोशी, १८८३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेल्या. त्याआधी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून आपण का जातो आहोत हे त्यांनी लोकांना सांगितलं. तेव्हा त्यांना अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांना पदवी मिळाली. रमाबाई तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या. या समारंभासाठी त्या अमेरिकेला आल्या आणि १८८८ संपत येईपर्यंत तिथे राहिल्या. आनंदीबाई मात्र मायदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या.

अमेरिका तेव्हा आपल्या स्वातंत्र्याचा मोठा अभिमान बाळगणारा देश होता. सगळी माणसं जन्मतः समान, असं त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात १७७६ सालीच लिहिलेलं. ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा राहिला. पुतळा बाईचा, पण त्या सोहळ्याला बेटावर बायका जवळजवळ नव्हत्याच. मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांनी भाड्याने बोट केली आणि पाण्यातूनच निषेध नोंदवला. १८८८ च्या जूनमध्ये तिथल्या दोन मोठ्या पक्षांची अधिवेशनं सेंट लुईस आणि शिकागोला भरली, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरले. पण देशात एकाही बाईला राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत देता येत नव्हतं.

त्याच वर्षी मार्चअखेर वॉशिंग्टनला वेगळीच सभा भरली. बायकांनी बोलावलेली, बायकांनी चालवलेली, आठवडाभराची. देशोदेशीच्या स्त्रिया आल्या होत्या आणि भारतातून होत्या आपल्या रमाबाई. व्यासपीठावर सुझन अँथनी होत्या. त्यांनी १८७२ च्या निवडणुकीत बाई असून मत टाकलं, म्हणून त्यांना अटक झाली आणि शंभर डॉलर दंड झाला. तो दंड त्यांनी कधीच भरला नाही. अशा बाईला देशद्रोही म्हणायचं का? तिचं म्हणणं एवढंच होतं की देशाने दिलेला शब्द देशाने पाळावा. तो शब्द पाळायला देशाला १९२० साल उजाडलं. अँथनीबाई त्याआधीच गेल्या होत्या.

परत आल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं. त्यात कौतुक भरपूर आहे : मुलींचं शिक्षण, बायकांच्या संस्था, लोकांनी चालवलेला कारभार. पण पाहुणचार मिळाला म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत. काळ्या लोकांची गुलामगिरी, ती गेल्यावरही उरलेला रंगाचा तिरस्कार, मूळ रहिवाशांवरचा अन्याय, बायकांना कायद्यात दिलेली दुय्यम जागा, हे सगळं त्यांनी लिहिलं. कौतुक आणि दोष एकाच पुस्तकात. याला म्हणतात ऐकणं आणि बघणं.

आणि त्या रिकाम्या हाताने आल्या नाहीत. त्यांच्या शाळेसाठी तिथे गावोगावी मंडळं निघाली होती. दर सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, दहा वर्षं. आपल्या गटाच्या हप्त्यासारखंच नाही का? थेंबे थेंबे तळे साचे. त्या पैशांच्या आधारावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू झालं. तारीख लक्षात आली ना? आनंदीबाईंच्या पदवीला त्याच दिवशी तीन वर्षं झाली होती. त्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेचं अधिवेशन भरलं, तेव्हा मोजक्या स्त्री प्रतिनिधींमध्ये रमाबाईही होत्या. ऐकून आलेली बाई आता आपल्या देशाच्या सभेत जाऊन बसली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला मतासाठी दंड भरावा लागला नाही. देश प्रजासत्ताक झाला तेव्हापासून मत आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी मुरबाड-शहापूरकडच्या, कल्याणच्या आसपासच्या गटांत आम्ही बसतो तेव्हा एक गोष्ट वारंवार कानावर येते. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत कुणी ताई नळाचं किंवा रस्त्याचं विचारायला उठली, की मागून आवाज येतो, "अहो, आज झेंड्याचा दिवस, आज कशाला भांडण?" ताई गप्प बसते. तिला वाटतं, आपलं चुकलं.

मैत्रिणींनो, चुकलेलं नाही. हंडा डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर चालणारी बाईही देशच आहे. आपल्या घरात गळकं छप्पर दाखवणारी सून घराची वैरीण नसते, घर टिकावं म्हणूनच ती बोलते. देशाचंही तसंच.

म्हणून पुढच्या सभेला जाताना तीन प्रश्न पदराला बांधून न्या. बोलणारा 'आपण' म्हणतो, त्या 'आपण'मध्ये कोण कोण आहे? आपली वाडी, आपला पाडा, एकटी राहणारी बाई आहे का? दुसरा, मागच्या भाषणात दिलेल्या शब्दाचं काय झालं? आणि तिसरा, टाळी वाजवून घरी आल्यावर आपण काय करणार?

तिसऱ्याचं उत्तर आपल्या हातात आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. ती कागदावर राहू देऊ नका. गटाच्या मासिक बैठकीत विषय ठरवा, महिला सभेत मांडा, ठराव लिहून घ्या आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा. ग्रामसभेत एकीने उठू नका, पाच-सहा जणी मिळून उठा. झेंड्याला सलाम आधी करा, प्रश्न नंतर विचारा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मनाने करता येतं.

बोललेलं पटलं तर टाळी जरूर वाजवा. नाही पटलं तर हात वर करा.