काळी माती, पण कापसाची नव्हे



स्कॉटलंडमधल्या एका दिवसाची हकीकत सांगतो. सकाळी इन्व्हरनेस सोडलं, उल्लापूलमार्गे लॉखिन्व्हरकडे निघालो. वाटेत उतरून मूठभर माती उचलली. काळीभोर! वाटलं, कापसाचीच. पिळली तर पाणी गळालं. ते पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर. आम्लधर्मी. लोक तो वाळवून चुलीत जाळतात. पावसाला तोटा नाही, पण रानात जास्त करून गवतच.

आणि मेंढ्या. या मेंढ्यांसाठी १८०० नंतर जमीनदारांनी सदरलंडमधली गावंच्या गावं उठवली. माणसं किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर आली, कित्येक बोटीनं कॅनडाला गेली. आम्ही कृषी पदवीवाले मातीचं पृथक्करण शिकलो, हे कुणी शिकवलं नाही.

१८८२ साली स्काय बेटावर कुळांनी बेदखलीच्या नोटिसा जाळायला लावल्या. पोलीस आले, तेव्हा बायाही लढल्या. १८८६ चा कायदा झाला तेव्हा कुठे वाजवी खंड, वारसाहक्क आणि बेदखलीपासून संरक्षण मिळालं. मालकी मात्र जमीनदाराचीच!

लॉखिन्व्हरच्या उत्तरेची जमीन एका परदेशी कंपनीची होती. कंपनी बुडाली, तुकडे पाडून विक्री ठरली. कुळं एकत्र आली, वर्गणी, देणग्या, कर्ज सगळं जमवलं आणि १९९३ साली सुमारे २१ हजार एकर ३ लाख पौंडांना घेतली.

संध्याकाळी त्याच जमिनीतून गेलो. रस्ता एका गाडीपुरता. मधोमध मेंढी बसलेली. ती उठेपर्यंत आम्ही थांबलो.