पडत्या काळात धंद्याचे माप



धंदा कसा चालला आहे असे विचारले की आपण नफ्याचा आकडा सांगतो. सुकाळात हे माप चालते. संकटकाळी ते फसवे ठरते.

२०२० च्या टाळेबंदीत राजगड-तोरण्याला येणारी मंडळी थांबली आणि आपल्या वेल्हे भागातील खाणावळींचे, टपऱ्यांचे गल्ले रिकामे पडले. टाळेबंदी उठल्यावर नोकराचा पगार परवडेना, म्हणून माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा दुकानात बसला. दुकान वाचले, मुलगा शाळेत परत आला नाही. हा धंदा यशस्वी म्हणावा काय?

दुसरे उदाहरण मुंबईचे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली 'सिप्ला' ही औषधांची कंपनी स्थापन केली. पुढे एड्सची साथ आली. श्रीमंत देशांत एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना १०,००० डॉलरहून अधिक खर्च येई. २००१ साली हमीदसाहेबांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी तसाच औषधोपचार डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. एका रुग्णामागे मिळकत थोडी, पण औषध गरिबाच्या आवाक्यात आले. आणि कंपनी आजही उभी आहे.

पालकहो, बिकट दिवसांत वहीत नफ्याशेजारी आणखी चार नोंदी करा : हाती रोकड किती दिवस पुरेल, उधारीतली किती वसूल होईल, जुने गिऱ्हाईक टिकले का, आणि मुलांची शाळा चालू आहे का. विद्यार्थ्यांनो, ही वही रोज रात्री तुम्ही लिहून द्या. शेवटची नोंद कोणाच्याही घरी कोरी राहू नये, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.