गावाचे नाव आणि परक्याचे हसू

रेल्वेचे वेळापत्रक विनोदी वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. तथापि राजस्थानातील स्थानकांची आणि गावांची नावे ओळीने वाचू लागावे, तो एखाद्या भरल्या घरात पाऊल टाकल्याचा भास होतो. फलोदीच्या बाजूला ‘बाप’ भेटतो. पोखरणजवळ ‘ओढानिया चाचा’ उभे असतात. मारवाड जंक्शनहून अबूकडे जाताना ‘नाना’ लागतात, आणि जयपूर-अजमेर मार्गावर ‘साली’ही आहे. बीबीची भेट घ्यावयाची, तर मात्र दूर हैदराबादेपाशी बीबीनगरला जावे लागते. पंजाबात जालंधरजवळच्या एका स्थानकाच्या फलकावर ‘काला बकरा’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले दिसते, आणि त्या स्थानकाचे तिकीट मागताना परक्या प्रवाशाला हसू आवरत नाही.

तिकीट देणारा मात्र हसत नाही. सालीच्या रहिवाशाला आपल्या गावाचे नाव घेताना मेहुणीची आठवण होत नाही, की बापच्या पोरांना गावाचे नाव उच्चारताना संकोच वाटत नाही. गावाचे नाव रोजच्या वापराने गुळगुळीत झालेले असते. त्यात अर्थ शोधतो तो बाहेरून आलेला माणूस. शिवाय त्याला सापडणारा अर्थही बहुधा त्याच्याच भाषेतला असतो. ‘नाना’ हे नाव ऐकून हिंदी भाषिकाला आईचे वडील आठवतील. मराठी माणसाला आठवेल तो घरातला कोणी वडीलधारा पुरुष.

नावाच्या लांबीरुंदीचेही असेच आहे. ओडिशात महानदीला मिळणाऱ्या नदीचे ‘इब’ हे नाव तेथील स्थानकाने घेतले आणि दोनच अक्षरांत काम भागविले. याच्या उलट टोकाला आंध्र आणि तमिळनाडू यांच्या सीमेवरील ‘वेंकटनरसिंहराजुवारिपेट’ हे स्थानक. उत्तरेकडील प्रवाशाचा ते वाचता वाचता दम जातो. पण मराठी माणसाने नाव सुटे करून पाहावे: वेंकटनरसिंहराजू या आदरणीय व्यक्तीची पेठ, एवढाच त्याचा अर्थ. पुण्यात नारायणरावांच्या नावाने नारायण पेठ आणि सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ आहे. त्याच घराण्यातले हे तेलुगू नाव. समजले की ते विचित्र राहत नाही, ओळखीचे होते.

मराठी गावांनीही परक्यांना कमी कोड्यात टाकलेले नाही. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द या जोडनावांचा उलगडा दिल्लीच्या किंवा कलकत्त्याच्या माणसाला करून देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. ‘बुद्रुक’ हे फारसीतल्या ‘बुजुर्ग’ शब्दाचे मराठी तोंडात घोळलेले रूप, म्हणजे थोरले. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. एका नावाच्या दोन वस्त्या झाल्या, तेव्हा सरकारी दप्तराने त्यांना थोरल्या-धाकट्या भावांप्रमाणे नोंदविले. ती दप्तरे इतिहासजमा झाली, पण भावंडे अजून नांदत आहेत. तळेगावांनी वेगळी युक्ती केली: एक दाभाडे, एक ढमढेरे, एक दिघे, अशी आडनावेच लावून घेतली. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर होते. एक बाजारामुळे ‘चांदूर बाजार’ झाले. दुसऱ्याजवळून लोहमार्ग गेला आणि ते ‘चांदूर रेल्वे’ झाले. रेल्वे हे आडनाव धारण करणारी गावे जगात फारशी नसतील!

हसण्याच्या भरात निसटून जाते ती गोष्ट हीच. चमत्कारिक वाटणारे नाव पुष्कळदा एक जुनी नोंद असते. मुंबईच्या चिंचपोकळीत आज चिंचांची दाटी शोधून सापडावयाची नाही, गिरगावातील फणसवाडीत फणसांची बाग नाही. झाडे गेली, नावे राहिली. ‘येडेमच्छिंद्र’ हे नाव ऐकून कोणी गालांत हसेल. परंतु ते प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचे गाव, हे कळल्यावर हसणारा सावरून बसतो.

मग अशी नावे बदलावीत काय? या प्रश्नाला तीन गावांनी तीन उत्तरे दिली आहेत. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या एका गावाने तर हौसेने विचित्र नाव घेतले. ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’, म्हणजे खरे सांगा, नाहीतर परिणाम भोगा, हा तेथील नभोवाणीवरचा एक लोकप्रिय कार्यक्रम. जे गाव हे नाव घेईल, तेथून दहाव्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होईल, अशी घोषणा झाली, आणि 1950 साली ‘हॉट स्प्रिंग्ज’ने आपले साधे, उन्हाळ्याच्या झऱ्यांचे नाव टाकून ते घेतले. पुढे पुन्हा मते घेतली गेली, तेव्हाही लोकांनी नवेच नाव ठेवले.

ऑस्ट्रियातील ‘फुकिंग’ या खेड्याचे भाग्य निराळे. जर्मन बोलणाऱ्यांना निरुपद्रवी असलेले हे शतकानुशतकांचे नाव इंग्रजी लिपीत वाचणाऱ्यांना अश्लील दिसे. प्रवासी फलकाशी छायाचित्रे काढीत, फलक चोरून नेत. अखेर 1 जानेवारी 2021 पासून ते ‘फुगिंग’ झाले. नावात दोष नसताना परक्याच्या हसण्यापुढे गावाला मान तुकवावी लागली.

आणि तिसरे हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यातले ‘गंदा’. येथे भाषेचा गैरसमज नव्हता. नावाचा अर्थ गावकऱ्यांनाही तोच लागत होता, आणि तो बोचत होता. 2016 साली तेथील एका शाळकरी मुलीने थेट पंतप्रधानांना पत्र लिहून हे नाव बदलावे अशी मागणी केली. पुढे गावाचे नाव अजितनगर झाले. ज्या नावाने मुलांना शाळेत मान खाली घालावी लागते, ते केवळ जुने म्हणून जपा, असे त्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगावे?

या तीन गोष्टींतून एक विवेक निघतो. नाव वाहतो तो गावकरी. त्याला ते जड झाले, तर ते उतरविण्याचा अधिकार त्याचाच. पण खिडकीतून फलक वाचणाऱ्या प्रवाशाला हसू आले, एवढ्यावरून कोणतेही नाव पुसण्याचे कारण नाही. प्रवाशाने हसावे, अवश्य हसावे, फक्त गाडी सुटण्यापूर्वी फलाटावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारावे, “बाबा, हे नाव पडले कसे?” उत्तर बरोबर असेलच असे नाही. परंतु त्या निमित्ताने गावाची एखादी गोष्ट कानी पडेल, आणि पुढच्या वेळी तेच नाव ऐकताना हसू येईल ते ओळखीच्या माणसाला पाहून येते तसे.